आधी डब्याचं विचारा: परगावाहून आलेल्या सहकाऱ्याशी सूर कसा जुळवायचा

२०१४ मध्ये बँकेच्या बदलीवर सांगलीत आले, तेव्हा शेजारच्या काउंटरवर जळगावचा एक मुलगा होता. मी वर्ध्याची. दोघंही घरापासून लांब, दोघांच्याही खोल्या विश्रामबागेत, दोघांच्याही गावाला जाणारी गाडी एकच. तरी तीन महिने आमच्यात "मॅडम, ही स्लिप बघा" आणि "सर, सर्व्हर गेलाय" यापलीकडे बोलणं नव्हतं. एका संध्याकाळी मी मोठ्या मायेनं विचारलं, "घरची आठवण येत असेल ना?" तो "नाही" म्हणाला आणि कीबोर्डकडे वळला. पुढचे पंधरा दिवस "मॅडम, स्लिप" सुद्धा बंद.

खूप नंतर कळलं, की वडील गेल्यावर त्याच्या घरात वाटणीवरून बोलाचाली झाली होती आणि त्या वर्षी तो गावी गेलाच नव्हता. माझ्या प्रश्नाला "हो" म्हणावं तर डोळ्यांत पाणी, "नाही" म्हणावं तर कोरडा माणूस. बिचाऱ्यानं दुसरं निवडलं.

त्यानंतरच्या वर्षांत बरीच माणसं आली-गेली. लातूरची, चिपळूणची, एक बिहारमधून आलेला प्रोबेशनर, एक नांदेडहून लग्न होऊन आलेली. त्यांच्याशी जुळवून घेताना जे उपयोगी पडलं ते क्रमानं सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. आठवणी, आई, घर या गोष्टी पाचव्या-सहाव्या पायरीवर आपोआप येतात, आणि त्यांनी सुरुवात केली की दार बंद होतं. पोटापासून सुरू करा.

पायरी १: समोरचा कोणत्या तऱ्हेनं बाहेरचा आहे ते बघा

बदलीवर आलेला माणूस दिवस मोजत असतो. त्याचं निम्मं सामान खोक्यातच असतं आणि तो कपाट विकत घेत नाही. पहिल्या नोकरीवर आलेल्या पोराला घर सुटल्याच्या दुःखापेक्षा पहिल्यांदा स्वतःचा पगार आणि स्वतःची किल्ली मिळाल्याचा आनंद जास्त असतो. त्याला "एकटं वाटत असेल ना" म्हणालात तर तो तुमच्याकडे आत्या बघितल्यासारखा बघेल. बायको-मुलं पुण्यात ठेवून आलेला पन्नाशीचा अधिकारी वेगळा. लग्न होऊन आलेल्या बाईला तर कुणी परगावची म्हणतच नाही, आणि सगळ्यात लांबचा मुक्काम तिचाच असतो. राहता राहिला अप-डाऊनवाला. कोल्हापूर, इचलकरंजी, कऱ्हाडहून रोज येणारा. तो रात्री घरी पोचतो म्हणून आपण त्याला यात धरत नाही, पण त्याला ना इथले शेजारी ना तिथली संध्याकाळ.

हे विचारून कळत नाही, बघून कळतं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी कोण बॅग घेऊन ऑफिसला येतं? जेवणाच्या सुट्टीत कोण फोन घेऊन जिन्यात जातं, आणि परत आल्यावर चेहरा कसा असतो? मला सगळ्यात खात्रीची वाटते ती एक खूण: माणूस संध्याकाळी निघताना "घरी जातो" म्हणतो की "रूमवर जातो". माझ्या तोंडून इथल्या जागेला "घरी" निघायला चार वर्षं लागली.

आठवडाभर नुसतं बघा. घाई नको.

पायरी २: डबा

पहिला प्रश्न असा: "मेस लावलीय का खोलीवर करता?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येतं, मन उघडं करावं लागत नाही, आणि त्यात तक्रारीला भरपूर वाव असतो. परगावच्या माणसाला मेसविषयी तक्रार नाही असं मी अजून पाहिलेलं नाही. सांगलीकडच्या मेसमध्ये भाजीत कांदा-लसूण चटणी सढळ हातानं पडते. इथल्या माणसाला त्याशिवाय भाजी भाजी वाटत नाही. आम्हा विदर्भातल्या लोकांना तिखटाचं वावडं नाही, पण तुरीचं साधं घट्ट वरण, पोळी आणि वर तूप-लिंबू आठवड्यातून दोनदा तरी लागतं. जळगावच्या माणसाला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. चिपळूणची मुलगी पहिल्या महिन्यात एकच वाक्य म्हणायची, "भात एवढाच?"

दुसरा प्रश्न लगेच विचारू नका. उत्तर ऐका आणि त्यातला कामाचा धागा पकडा. मेस असेल तर खाड्यांचा हिशेब विचारा: सुट्टीवर गेलो तर दिवस वजा करतात का, किती आधी सांगावं लागतं. खोलीवर करत असेल तर गॅस आहे का इंडक्शन. तुम्ही आधी आला असाल तर तुमच्याकडे काहीतरी माहिती असतेच, आणि ती देताना उपकार केल्यासारखं वाटत नाही. जळगावच्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की शंभर फुटी रस्त्याजवळ एक काकू आहेत, चटणी कमी घाला म्हटलं तर खरंच कमी घालतात. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, वरण बरं होतं."

मग देवाणघेवाण. इथे लोक एक चूक करतात: पहिल्याच दिवशी घरचा खास पदार्थ आणून समोर ठेवतात. समोरच्याला परतफेडीचं ओझं होतं, कारण त्याच्याकडे आई नाही आणि कढईही नाही. टिकणारी, थोडी-थोडी खाता येणारी वस्तू द्या. ठेचा, लिंबाचं लोणचं, जवसाची चटणी. रिकामी बाटली परत येते तेव्हा तिच्यात काहीतरी असतं. आमच्यात बाटलीऐवजी कळण्याच्या पिठाची थैली आली. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं ते पीठ त्याला बहिणीनं पाठवलं होतं, आणि भाकरी त्याला थापता येत नव्हती. माझ्याकडे पाच किलोचा छोटा सिलिंडर होता आणि भाकरी थापण्यात मी कुणाला ऐकत नाही. ठरलं: पीठ त्याचं, भाकऱ्या माझ्या, आणि त्या बदल्यात माझं तत्काळ तिकीट तो काढणार. अशी सरळ देवाणघेवाण झाली की कुणी कुणाचं देणं लागत नाही.

एक पथ्य. समोरच्याच्या डब्यातल्या वासावर, रंगावर, "हे तुम्ही असं खाता?" यावर कधीही बोलू नका. कौतुकानंसुद्धा नको. सुकट असो की सत्तू.

पायरी ३: आपली एक फजिती सांगा

माणूस सल्ला देणाऱ्यापेक्षा फसलेल्या माणसाजवळ लवकर येतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी, चहाच्या वेळी, आपली एखादी छोटी फजिती सांगा.

माझ्याकडे सांबाराची गोष्ट आहे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांगलीत आल्यावर पहिल्याच रविवारी मंडईत जाऊन मी भाजीवाल्या मावशींना म्हटलं, "मावशी, पाच रुपयांचा सांबार द्या." मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ते हाटेलात मिळतंय की, ताई. इडलीसंगं." दुसरी फजिती घरमालकीणबाईंकडची. त्यांनी सांगितलं, "भाजीत चटणी जरा जास्त टाका." मी भाजीत शेंगदाण्याची चटणी टाकली. इथे चटणी म्हणजे वर्षाचं करून ठेवलेलं लाल तिखट, मसाल्यासकट, हे मला कोण सांगणार?

हे ऐकून जळगावचा मुलगा पहिल्यांदा मोकळा हसला आणि त्यानं त्याची गिलक्यांची गोष्ट काढली. खानदेशात आणि आमच्याकडे गिलके म्हणतात त्याला इकडे घोसाळं म्हणतात, आणि तो चार दुकानं गिलके मागत हिंडला होता. मग आम्ही यादीच करायला बसलो. तो आलू-बटाट्यावर आला, मी टमाटरवर. दुपारचा चहा गार झाला.

फजिती निवडताना तिचा आकार बघा. खूप मोठी, रडवणारी गोष्ट पहिल्यांदा सांगितली तर समोरच्यालाही तेवढीच मोठी काढावी लागते, आणि तो गप्प बसणं पसंत करतो. घरमालकानं डिपॉझिट बुडवलं, पहिल्या रात्री बाथरूममध्ये रडले, हे नंतर.

आणि बोलीबद्दल. मी "काय करून राहिले?" म्हटलं की शाखेत हमखास हशा पिकायचा. सांगलीकरांचं "आलतो, गेलतो, करालाय" मला तितकंच गमतीचं वाटायचं, पण मी एकटी होते आणि ते वीस. थट्टा वाईट हेतूनं होत नव्हती, तरी दोन महिन्यांत मी पुस्तकी मराठी बोलायला लागले आणि त्यात माझी मीच मला परकी वाटे. म्हणून माझा नियम असा: समोरचा स्वतः आपल्या बोलीवर विनोद करेपर्यंत तिची नक्कल करायची नाही. त्याच्यासमोर आपली बोली मात्र बिनधास्त बोलायची. मी एकदा चुकून "काऊन?" म्हणाले, आणि त्या दिवसापासून जळगावचा मुलगा मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागला. "तुम्ही"वरून "तू"वर मी आले, तो आला नाही. ते असंच असू द्यावं. ओढून-ताणून "अरे, तू म्हण ना" करू नये.

पायरी ४: गाडी आणि तिकीट

आता घराचा विषय काढता येतो, पण गाडीच्या वाटेनं. "गावी कसं जाता?" हा प्रश्न "गावी का जात नाही?" पेक्षा कितीतरी सोपा आहे.

आमच्या दोघांचं नशीब एका गाडीला बांधलेलं होतं. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सांगली, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर अशी जवळजवळ अख्खं राज्य ओलांडते आणि राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. तो जळगावला उतरायचा, मी पुढे वर्ध्यापर्यंत. लातूर, पंढरपूरकडच्या माणसांना मिरज जंक्शन गाठावं लागतं. तिथून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चार वाटा फुटतात. एके काळी या मिरजेत रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ होते, हे मला आमच्या निवृत्त हेडक्लार्कनी इतक्या वेळा सांगितलंय की तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोघांनी मिळून करण्याजोगं कामकाज असं:

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून मोजायचं. पूर्वी हे १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून कमी झालं. सकाळी ८ वाजता खिडकी आणि साइट दोन्ही सुरू होतात. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. नेमकी काउंटरवर गर्दीची वेळ. म्हणून दोघांपैकी ज्याला त्या वेळी पाच मिनिटं उठता येतं त्यानं दोघांचं काढायचं आणि दुसऱ्यानं तेवढा वेळ त्याचं काउंटर बघायचं. ऑनलाइन तत्काळसाठी आता आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. हे ऐनवेळी करायला जाऊ नका.

सणाच्या गर्दीत दोघांचं तिकीट एकत्र काढलं की निम्मा प्रवास सोबत होतो. ऑफिसमध्ये सहा महिन्यांत जे बोलणं होत नाही ते दौंड येईपर्यंत होऊन जातं. वाटणीचं प्रकरण त्यानं मला असंच सांगितलं, वरच्या बर्थवरून, माझ्याकडे न बघता. मी काही विचारलं नव्हतं. मी फक्त चिवड्याची पिशवी वर दिली होती.

पायरी ५: सणांची अदलाबदल

सगळ्यांना एकाच वेळी रजा हवी, हे ऑफिसातल्या निम्म्या भांडणांचं मूळ. पण परगावच्या माणसांच्या गाठीशी एक फायदा असतो: त्यांचे सण इथल्या सणांच्या तारखांना पडत नाहीत.

सांगली-कोल्हापूरकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो आषाढात होतो. सीमेकडच्या गावांत कर्नाटकी बेंदूर त्याच्याही महिनाभर आधी, ज्येष्ठात. आमच्याकडे पोळा श्रावणातल्या अमावास्येला, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन. म्हणजे आषाढात मी इथल्या माणसाचं काउंटर सांभाळू शकते आणि पोळ्याला तो माझं. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तो लेकी-बहिणींचा माहेरपणाचा मोठा सण; सांगलीत त्या दिवशी आंबे आणले की झालं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस, सगळं गाव शेतात जेवायला. कोकणातल्यांना गणपती आणि शिमगा सोडून काही मागू नका, त्या दोन वेळा ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. बिहारच्या मुलाला छठ हवी होती, ती दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. तोपर्यंत दिवाळीला गेलेले परत आलेले असतात.

करायचं एवढंच: जानेवारीत भिंतीवरची दिनदर्शिका उतरवायची, चहा मागवायचा आणि प्रत्येकानं आपला एकच सण, ज्यासाठी घरी जायलाच हवं असा, पेन्सिलीनं लिहायचा. एकच. दोन लिहिले की भांडण. आमच्या शाखेत त्या दिवशी जेवढं एकमेकांच्या घरांविषयी कळलं तेवढं वर्षभरात कळलं नव्हतं. आखाजी म्हणजे काय, झोके कुठे बांधतात, गाणी कुठली म्हणतात, सगळं.

दिवाळीची अदलाबदल होत नाही. तिथे पाळी लावावी लागते, एक वर्ष तू, एक वर्ष मी. आणि ती पाळी श्रावणातच ठरवा. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण ५५ दिवस असतात. दिवाळीच्या दोन दिवस आधी निघायचं म्हटलं, तर ६० दिवसांचं आरक्षण गणपती बसायच्याही आधी उघडलेलं असतं. गणपतीच्या आरत्या म्हणत बसलेला माणूस विसर्जनानंतर वेटिंग लिस्टमध्ये असतो.

पायरी ६: रविवारची संध्याकाळ

बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. एकटं राहणाऱ्यालाच कळेल, की आठवड्यातली सगळ्यात लांब वेळ तीच. दुपारचं जड जेवण, झोप, पाचला जाग येते तेव्हा खोलीत अंधारलेलं असतं आणि घरच्यांचा फोन होऊन गेलेला असतो.

"फिरायला येता का?" असं विचारलं की माणूस अवघडतो, विशेषतः एक बाई आणि एक पुरुष असतील तर. काहीतरी निमित्त, आणि शक्यतो तिसरा माणूस. आमचं निमित्त हळद होती. सांगलीची हळद प्रत्येकाच्या घरून मागवलेली असते. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून माझ्या नणंदेची मागणी दुप्पट झाली आहे. हळद घ्यायची म्हणून चौघं निघालो आणि हरिपूरच्या रस्त्यानं गेलो. तिथे जमिनीत खोल खड्डे करून हळद साठवायची पेवं होती. २००५ च्या पुरानं बरीचशी निकामी केली. पुढे संगमेश्वराचं देऊळ, आणि घाटावरून कृष्णेला वारणा येऊन मिळते ते दिसतं. तिथे बसून भडंग खाल्लं. कुणी फारसं बोललं नाही.

मिरजही आहे. तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांत नुसतं उभं राहिलं तरी वेळ जातो. भोपळा वाळवून, कापून, त्याचं वाद्य होताना बघणं मला सिनेमापेक्षा आवडतं. गाण्यातलं कळत असेल तर दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी गाण्याची बैठक चुकवू नका. बिहारचा प्रोबेशनर, जो ऑफिसात दोन शब्द बोलत नव्हता, तो तिथे रात्रभर बसला.

महिन्यातून एक रविवार पुरे. दर रविवार केलात की त्याचंही ओझं होतं.

पायरी ७: घरचा नंबर

ही पायरी लोक विसरतात आणि हीच सगळ्यात गरजेची आहे.

जळगावच्या मुलाला एका पावसाळ्यात सणकून ताप भरला. खोलीमालकानं मला फोन केला. आम्ही त्याला मिरजेला दवाखान्यात नेलं, आणि तिथे पहिला प्रश्न आला: घरचं कोण? फोनला कुलूप, तो ग्लानीत, मला त्याच्या बहिणीचं नावही माहीत नव्हतं. रोज त्याच्यासाठी भाकऱ्या थापत होते आणि एवढं माहीत नव्हतं.

तेव्हापासून नवीन माणूस आला की महिनाभरात त्याच्याशी चार गोष्टींची अदलाबदल करते: घरच्या एका माणसाचा नंबर, रक्तगट, कुठलं औषध चालत नाही ते, आणि विम्याच्या कार्डाचा फोटो. शिवाय फोनच्या लॉक स्क्रीनवर तातडीचा संपर्क भरून ठेवायला लावते. तो कुलूप न उघडता दिसतो. हे विचारताना आपलं आधी द्यायचं. "हा माझ्या नवऱ्याचा नंबर, नागपूरला असतो, मी कधी चक्कर येऊन पडले तर याला लावायचा" असं म्हटलं की समोरचा लगेच आपला देतो. घरच्यांनाही आपलं नाव सांगून ठेवायला सांगा, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून ते उचलत नाहीत.

कुठे घसरतं

गाव विचारता विचारता आडनावावर आणि आडनावावरून पुढे जाण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. परगावच्या माणसानं खोली शोधताना तो फेरा आधीच दहा वेळा सोसलेला असतो: कुठले, आडनाव काय, मांस-मच्छी करता का. त्याच वाटेनं तुम्ही चालू लागलात की त्याला तुमच्यात अकरावा घरमालक दिसतो. गाव विचारावं, गावची नदी विचारावी, एसटी कुठवर जाते विचारावं. तिथे थांबावं.

दोन परगावचे एकत्र आले की सांगलीला नावं ठेवायला सुरुवात करतात. लोक असे, रस्ते तसे, तिखट किती. यानं जवळीक पटकन होते, आणि ती पटकन नासते. शाखेतली बाकीची माणसं इथलीच आहेत. त्यांच्या कानावर जातंच. मी हे केलेलं आहे, आणि त्याची भरपाई करायला मला एक अख्खं वर्ष लागलं.

पैशांची मोठी उसनवारी नको. आपलंच दुःख मोठं, ही शर्यत नको ("तुम्ही निदान महिन्यातून एकदा जाता!"). रात्री नऊनंतर फोन नको. आणि तीन वेळा प्रयत्न करून समोरचा एका शब्दात उत्तर देत असेल, तर सोडून द्या. काहींना घरापासून लांब राहणंच हवं असतं. त्यांनी ते मुद्दाम निवडलेलं असतं आणि त्याचं कारण त्यांच्यापाशी राहू द्यावं.

इथल्या माणसाला वगळू नका

बरीच वर्षं मी समजत होते, की लांब राहणं फक्त आम्हालाच कळतं. समोर बसणारा विट्याचा सहकारी म्हणजे पक्का इथला, त्याला काय कळणार. त्यानं एकदा सहज सांगितलं, की वडिलांबरोबर त्यानं आयुष्यात सलग महिनाभर कधी काढलेला नाही. वडील गलाईवाले. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरलेली आहेत. थेट दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत गावोगावच्या सराफ बाजारात विटा-आटपाडीकडचं कुणीतरी भट्टीजवळ बसलेलं असतं. हा पोर आजीजवळ वाढला. वडील यात्रेला यायचे, आठ दिवस राहायचे, जायचे. "तुम्ही लांब गेलेल्या," तो म्हणाला, "मी लांब ठेवलेला." या माणसाला मी पाच वर्षं नुसतं "चेक क्लिअर झाला का" विचारत होते.

आणि २०१९ चा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका असतो. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या माझ्या एका सहकारी बाई सासूबाई, दोन मुलं आणि एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आल्या. माझी जागा मिरजेच्या बाजूला, तिथे पाणी नव्हतं. जन्म सांगलीत गेलेल्या त्या बाई माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून मला विचारत होत्या, "तुमच्याकडे साखर कुठं असती?" पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, आपल्या घरात मिठाची बरणी कुठं ठेवलीय हे आठवत नाहीये, आणि खाली बसल्या. मी वरणभात लावला. त्यात त्यांनी चटणी मागितली नाही, म्हणून मीच टाकली.

पुराच्या त्या आठवड्यानंतर आमच्या शाखेत "बाहेरचे" हा शब्द कुणी फारसा वापरला नाही.

बदली झाली की

जुळलेलं माणूस एक दिवस बदलून जातं. निरोप समारंभ, नारळ, शाल वगैरे ऑफिस करतंच. तुम्ही दोन कामं करा. त्याचं इथलं अडकलेलं उरकायला मदत करा: खोलीचं डिपॉझिट, मेसचे शिल्लक खाडे, गॅसचं कार्ड, पत्ता बदलायची पत्रं. गेलेल्या माणसाला हे लांबून करता येत नाही. आणि जे सामान तो टाकून देणार असेल, ते पुढच्यासाठी मागून ठेवा.

जळगावचा मुलगा नंदुरबारला गेला तेव्हा त्यानं त्याची इंडक्शनची शेगडी, एक कुकर आणि प्लॅस्टिकची दोरी माझ्याकडे ठेवली. शेगडी त्यालाही आधीच्या कुणीतरी दिलेली. ती पुढे चिपळूणच्या मुलीकडे गेली, आता नांदेडहून आलेल्या मुलाकडे आहे. वेळ लावायचं बटण चालत नाही आणि मधूनच एक लाल दिवा लुकलुकतो, पण पाऊण तासात वरण शिजतं.